आव्वार : सहावा आठवडा

फ्रेंच शिकते आहे. गेल्या आठवड्यात 'एत्र' म्हणजे असणे झालं. या आठवड्यात फक्त आव्वार, म्हणजे जवळ असणे. झे, त्यु आ, इल आ, नू झाव्हों, वू झाव्हे, इल झों : मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते यांची ही सहा रूपं दोन संध्याकाळी पाठ झाली. वापरात यायला मात्र सगळा आठवडा गेला, कारण मराठीत या क्रियापदाला जोडच नाही. 'मला बहीण आहे', 'माझ्याकडे छत्री आहे', 'मला भूक लागली' असं आपण तीन तऱ्हांनी बोलतो. फ्रेंचमध्ये तिन्हीकडे 'झे' : झे यून स्योर, झे अं पाराप्ल्वी, झे फॅं. तहान, थंडी, भीती, झोप सगळं असंच. आपल्याकडे भूक येऊन मला लागते. तिथे ती 'मी'च्या मालकीची. हे ध्यानात आल्यावर इंग्रजीच्या सवयीने तोंडात येणारं, एत्र वापरलेलं 'झ स्वी फॅं' बंद झालं. वयसुद्धा आव्वारनेच सांगायचं : झे त्रांत आं, मी तीस वर्षांची. शेवटचा 'आं' म्हणजे वर्षं, तो गाळू नका. आणि 'तुझं बरोबर आहे' म्हणजे त्यु आ रेझों. हे मला फार आवडलं.

खरी अडचण उच्चारात आली. रविवारी भाषा-जोडीदाराशी बोलताना शेजाऱ्यांबद्दल 'इल सों द्यो-झांफां' म्हणाले. 'त्यांना दोन मुलं आहेत' म्हणायचं होतं, झालं 'ती दोन मुलं आहेत'. 'इल झों' हवं होतं. फरक स की झ एवढ्या एका आवाजाचा, आणि 'आहेत' नि 'त्यांच्याकडे आहे' यांची अदलाबदल. हा झ म्हणताना जमीन, जागा यांतला ज मनात धरते, फक्त जीभ दातांमागे टेकवत नाही, आवाज घासत सोडते. 'झे'मधला झ वेगळा, जीवनातल्या ज जवळचा. तिथेही जीभ टेकवायची नाही. मराठीत दोन ज असल्याचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

नकारात अं, यून ('एक') आणि दे ('काही') यांचं 'द' होतं : झ ने पा द व्वात्यूर, माझ्याकडे गाडी नाही. पण ठरावीक किल्ली असेल तर 'झ ने पा ला क्ले', तिथे 'ला' तसंच राहतं. दहापैकी चार वाक्यं अजून चुकतात.

पुढच्या आठवड्यात झे मांझे, म्हणजे 'मी खाल्लं'. 'पोळी खाल्ली', 'आंबा खाल्ला' असं आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं; तिथे कर्म क्रियापदाआधी आलं तरच रूप जुळवायचं. त्याची वाक्यं वहीत लिहायला घेतली आहेत.