पॅनल प्रोजेक्ट अपडेट: वेल्ड की रिव्हेट, पट्ट्या ओढून बघितल्या

विमानाच्या स्किन पॅनलचा (बाहेरच्या पातळ पत्र्याचा) जॉइंट वेल्ड करावा की रिव्हेटने, याचं टेस्टिंग बऱ्यापैकी पुढे गेलंय. विमानाची स्किन खरं तर २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची असते, पण त्यात तांबं ४ टक्क्यांच्या वर असल्यामुळे साधं टिग वेल्डिंग (विजेच्या आर्कने धातू वितळवून जोडणं) केलं की बीड, म्हणजे वेल्डची रेघ, थंड होतानाच तडकतो, म्हणून तुलना सरळ व्हावी यासाठी दोन्हीकडे ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमचाच (टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला टेम्पर) १ मिमी पत्रा घेतला, पट्ट्या २५ मिमी रुंद. वेल्डला ४०४३ फिलर (जोडात वितळवून भरायची तार), आणि रिव्हेट १/८ इंची एडी, म्हणजे २११७ मिश्रधातूचे, मागून बकिंग बार (जड धातूचा ठोकळा) लावून ठोकलेले, एकाच बाजूने ओढून बसवायचे पॉप रिव्हेट नाहीत.

आधी कागदावरचा हिशोब. अख्खा पत्रा ३१० एमपीएने (म्हणजे दर चौरस मिमीला ३१० न्यूटन) धरला तर साधारण ७.७ किलोन्यूटनला तुटायला हवा. वेल्ड केल्यावर १६५ एमपीए धरतात, म्हणजे ४.१. असा एक रिव्हेट शिअरमध्ये (आडवा कापला जाताना) ३८८ पाउंड घेतो, म्हणजे १.७ किलोन्यूटन, तेव्हा कडेपासून दोन डाया (रिव्हेटचे व्यास) आणि पिच, म्हणजे दोन रिव्हेटमधलं अंतर, किमान तीन डाया ठेवून एका ओळीत दोनच बसतात आणि जॉइंट होतो ३.४ चा. थोडक्यात एक ओळ रिव्हेट वेल्डपेक्षा कमजोर!! जॅक आणि लोडसेलवर (भार मोजणाऱ्या सेन्सरवर) आकडे थोडे इकडेतिकडे आले पण क्रम हाच राहिला.

खरी मजा दुसरी ओळ टाकल्यावर. आता चार रिव्हेट मिळून ६.९ घेऊ शकतात, मग रिव्हेट तुटायच्या आधी पत्राच भोकांच्या रेषेत फाटतो, दोन भोकं वजा जाता पत्र्याची ताकद ५.७ च्या आसपास, म्हणजे मूळ पत्र्याच्या पाऊण भागाला थोडीच कमी. वेल्डला हा मार्गच नाही. बीड कितीही जाड करा, पट्टी तुटते बीडच्या शेजारी, कारण तिथला टी६ टेम्पर उष्णतेने गेलेला असतो आणि हा मऊ पट्टा जोडापासून दोन्ही बाजूंना साधारण एक इंचापर्यंत धरतात. टेम्पर परत आणायला सोल्यूशन ट्रीटमेंट करायची तर पॅनल ५३० डिग्रीला नेऊन पाण्यात बुडवायचं, आणि १ मिमीचा पत्रा त्यात सरळ राहणं अवघडच. माझ्या मते रिव्हेटचं मोठेपण इथे आहे, ताकद लागेल तशी वाढवता येते आणि पत्र्याचा टेम्पर हलत नाही.

अर्थात भोक म्हणजे क्रॅकला आमंत्रण, म्हणून प्रत्येक भोक डीबर करा (कडेचे खरबरीत कंगोरे काढा), आळस नको. आणि पातळ पत्र्याला काउंटरसिंक (रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाला दिलेला उतार) खोल गेलं की भोकाची कड सुरीसारखी धारदार होते, तिथे कापण्याऐवजी पत्रा दाबून खळगा, म्हणजे डिंपलच करावं. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर उडालं त्यात हेच होतं, लॅप जॉइंटमधलं (एकावर एक पत्रा ठेवून केलेल्या जोडातलं) चिकटवण सुटलं, सगळा भार रिव्हेटवर आला आणि धारदार कडांपासून निघालेले छोटे छोटे क्रॅक एकमेकांना मिळाले.

दुसरी बाजूही सांगतो, कारण वेल्ड म्हणजे फक्त टिग नाही. १९९१ मध्ये टीडब्ल्यूआय या ब्रिटिश वेल्डिंग संशोधन संस्थेने काढलेल्या फ्रिक्शन स्टर पद्धतीत (फिरत्या टूलच्या घर्षणाने धातू मऊ करून ढवळणं) धातू वितळतच नाही, म्हणून २०२४ सुद्धा जोडता येतो, एक्लिप्स ५०० या छोट्या जेटमध्ये खूपसे रिव्हेट त्यानेच गेले. एअरबस ए३१८ च्या खालच्या काही पॅनलना स्ट्रिंगर (स्किनला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या) लेझर वेल्डने लावलेत. पण वेल्ड केला की स्किन आणि स्ट्रिंगर एकच तुकडा होतो, स्किनमधला क्रॅक सरळ स्ट्रिंगरमध्ये चढू शकतो. रिव्हेट केलेला स्ट्रिंगर वेगळा तुकडा असल्यामुळे तो अख्खा राहून भार उचलत राहतो.

आता हेच तपासायचंय. स्ट्रिंगर लावलेली दोन पॅनल कापून ठेवलीत, एक रिव्हेटचं एक वेल्डचं, दोन्हीच्या स्किनला मधोमध करवतीने खाच देणार आणि मोटर-क्रँकच्या रिगवर कमी लोडने सतत ओढत ठेवणार. रिगचं बेअरिंग बसवायचं तेवढं बाकी आहे.