वाघोलीची खाण आणि ओरेगॉनची चांदणी

मामेभावाने अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातून दगड आणला: बाहेरून निखाऱ्यात भाजलेल्या बटाट्यासारखा, मधोमध कापलेला, आणि आत निळसर पांढऱ्या अकीकाची चांदणी! तिकडे याला ‘थंडरएग’ म्हणतात. मेघगर्जनेची दैवतं भांडताना हे गोळे एकमेकांवर फेकतात, अशी तिथल्या आदिवासींची कथा. १९६५ पासून तो ओरेगॉनचा राज्य-दगड आहे.

दगड पिशवीत घालून मी रविवारी नगर रस्त्याने वाघोली गाठली. आपल्या पुण्याच्या काळ्या कातळातही अकीक असतो, तो याच्या शेजारी ठेवून पाहायचा होता. परवानगी आधीच काढली होती. खाणीतले एक काका सोबत आले. नुकत्या फोडलेल्या कातळावर ठिकठिकाणी पांढरे ठिपके, काही वाटाण्याएवढे, काही आंब्याच्या कोयीएवढे.

“गारगोट्या आहेत, ताई.”

मी ओरेगॉनचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चांदणीच्या टोकांवरून अंगठा फिरवला. “हा आतून तडकलाय. आमच्यात भोक आधीचंच असतं.”

सगळं मर्म त्यात आलं. दख्खनचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, पातळ होता. त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे गोल राहिले, नाहीतर वाहत्या लाव्हासोबत लांबट झाले. थंडरएग जन्मतं ते रायोलाइट नावाच्या खडकाच्या चिकट, काचेसारख्या लाव्हात. थंड होताना त्यात गोळे वाढतात, वायूच्या दाबाने ते आतून फाटतात, आणि चांदणी ही त्या फाटीचीच आकृती. पुढचं काम मात्र दोन्हीकडे सारखंच: झिरपणारं पाणी विरघळलेली सिलिका आणतं आणि भिंतीपासून आत, थरावर थर, अकीक बसवत जातं. वाट पाहण्याचं हे काम मला फार भावतं.

वाघोलीचं नाव जगभर आहे ते कॅव्हनसाइटच्या निळ्या स्फटिकांमुळे. हे खनिज पहिल्यांदा सापडलं १९६७ मध्ये, तेही ओरेगॉनमध्येच! मला ते दिसलं नाही.

काकांनी ढिगातून कोयीएवढी एक फुटकी गारगोटी काढली. मी बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं. कोरडी असताना मळकट वाटणारी ती ओली होताच उजळली: दुधी, राखी, पुन्हा दुधी. काका वाकून थर मोजू लागले. अकरापर्यंत पोचले, तोवर उन्हाने पाणी वाळलं. त्यांनीच बाटली पुन्हा मागितली.