तीन दिवस समुद्रकाठी: आधी भरतीचं वेळापत्रक, मग हॉटेल

छोट्या किनारी गावाचा बेत आखताना बहुतेक जण आधी खोली शोधतात. खरं तर आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघावा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी ८ ला ओहोटी असेल, तर तिसऱ्या दिवशी ती पावणेदहाच्या आसपास येईल. खडकांमधली डबकी, शंखशिंपले बघायचे तर ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं; अरुंद किनारा पूर्ण पाण्याखाली जाऊ शकतो.

बोटीची सफर पहिल्याच सकाळी ठेवा. दुपारी जमीन तापते, खारे वारे जोर धरतात आणि लाटा वाढतात. शिवाय फेरी रद्द झाली तर हाताशी आणखी दोन सकाळी उरतात. शेवटच्या दिवसावर ढकललेली सफर हमखास हुकते.

सनस्क्रीन लोक फार कमी नेतात! एका मोठ्या माणसाच्या अंगाला एका वेळी सुमारे ३० मिली लागतं, आणि दर दोन तासांनी, पोहून आल्यावरही, पुन्हा लावावं लागतं. म्हणजे १०० मिलीची बाटली जेमतेम तीन वेळा पुरते. १० ते ४ सावलीतच बरं.

रोख पैसे सोबत ठेवा, अशा गावात एटीएम एखादंच असतं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ पोहोचताच विचारून घ्या.