तेल कमी करा, असं मीच म्हणाले होते

स्पिन झालेली रक्ताची नळी आधी उजेडाकडे धरायची, मग मशीनला लावायची, ही सवय मला पहिल्या नोकरीतल्या सरांनी लावली. चांगलं सीरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहणारं रक्ताचं पाणी, फिकट पिवळं आणि इतकं निवळ की पलीकडे बारकोडच्या रेघा दिसाव्यात. काविळीचं हळदीच्या पाण्यासारखं, रक्त काढताना पेशी फुटल्या तर कोकमाच्या सरबतासारखं, आणि चरबी जास्त असेल तर ताकाच्या निवळीसारखं. आताची पोरं नळी न बघताच रॅकला लावतात आणि आकडा विचित्र आला की रिरन मारतात.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या लॅबला दर सप्टेंबरला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचा कॅम्प असतो. कँटीनच्या टेबलावर सकाळी सहाला सुरुवात, नव्वदेक माणसं, रक्त काढणाऱ्या आम्ही दोघी. पॅकेज एचआर ठरवतं. नाव ‘६२ टेस्ट’, पण त्यातले वीसेक आकडे सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायचं, मशीन एका थेंबातून आपोआप देतं. ज्याची खरी गरज ते एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, घाला म्हटलं, तर बजेट नाही.

२०२२च्या कॅम्पात तो पहिल्यांदा आला. तेहेतीस वर्षांचा, सीएनसी ऑपरेटर, किसननगरला राहणारा. हातपाय काडीसारखे, पोट मात्र शर्टाखाली जरासं पुढे. अशा देहयष्टीला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ‘थिन-फॅट’ म्हटलंय. वजनकाट्यावर बारीक, आतून चरबी राखून असलेली. हे मला तेव्हा वाचून माहीत होतं. त्याच्याकडे बघून सुचलं नाही.

उपाशीपोटी साखर ९३. कोलेस्टेरॉल २०६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) ३७२. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १००.६. हा एलडीएल आम्ही मोजत नाही, वजाबाकी करतो. १९७२च्या फ्रीडवाल्डच्या सूत्राप्रमाणे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा. म्हणजे ट्रायग्लिसराइड्स जितके जास्त, तितका एलडीएल कागदावर सोज्वळ. कॅम्पाचे डॉक्टर साखर बघतात, एलडीएल बघतात आणि ‘फिट’चा शिक्का मारतात. नव्वद माणसांना दीड तास. त्यांना तरी काय म्हणणार. तरी म्हणतेच: ३७२ ठळक छापलेलं होतं.

२०२३ला त्याचं सीरम आणखी गढूळ. ट्रायग्लिसराइड्स ४३८, एचडीएल २९, साखर ९८. रजिस्टरवर त्याच्यापुढे ‘नाइट’ लिहिलेलं. मला वाटलं, गड्यानं रात्री दोनला डबा खाल्लाय आणि सकाळी उपाशी म्हणून सांगितलंय. नाइटवाले हमखास असं करतात. खोटं बोलतात असं नाही. झोपेतून उठल्यावरची सकाळ कुठली आणि शिफ्ट सुटल्यावरची कुठली, याचा त्यांचा हिशोबच वेगळा असतो.

म्हणून मी सरांची जुनी युक्ती केली. त्याचं थोडं सीरम काचेच्या नळीत काढून रात्रभर फ्रिजमध्ये ४ अंशांना उभं ठेवलं. मला ही चाचणी फार आवडते, मशीन लागत नाही. जेवणातून आलेली चरबी मोठ्या, हलक्या गोळ्यांतून फिरते. रात्रभर थंडीत राहिली की ती वर येते आणि दुधावर साय धरावी तसा थर जमतो, खाली सीरम निवळतं. यकृतानं स्वतः बनवून रक्तात सोडलेली चरबी, म्हणजे व्हीएलडीएल, वर येत नाही. नळी वरपासून खालपर्यंत सारखी गढूळ राहते.

सकाळी बघितलं. साय नाही. वरपासून खालपर्यंत ताकाची निवळी.

म्हणजे माणूस खरं बोलला होता. चरबी आदल्या रात्रीच्या डब्यातली नव्हती, त्याचं यकृतच ती बनवत होतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की चरबीच्या साठ्यातून मेदाम्लं सुटत राहतात, ती यकृतात जातात, आणि भात, साखर, मैद्यातून आलेल्या जादा साखरेचीही यकृत चरबी करतं. रक्तातली साखर मात्र वर्षानुवर्षं नॉर्मल राहते, कारण स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतून ती दाबून धरत असतं. ट्रायग्लिसराइड्स वर, एचडीएल खाली ही जोडी त्या ओढाताणीची खूण असते. दोघांचं गुणोत्तर तीनच्या वर गेलं तर इन्सुलिनला दाद न देण्याचा संशय घ्यावा, असं मांडणारा अमेरिकेतला एक अभ्यास २००३चा आहे. याचं पंधरा येत होतं. आमच्या रिपोर्टवर दोन गुणोत्तरं छापतात, हे तिसरं नाही. मालकांना दोनदा सांगितलं. सॉफ्टवेअरवाल्याला विचारतो म्हणाले.

हे सगळं कळून मी काय केलं, तर दोन दिवसांनी तो काउंटरवर भांडायला आला.

“ताई, एक टेस्ट केलीच नाही तुम्ही. एलडीएलपुढे नुसती रेघ मारलीय. पैसे तर पूर्ण घेतले ना कंपनीकडून?”

ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर गेले की ती वजाबाकी चालत नाही, म्हणून रेघ. थेट मोजायचं तर चाचणीचं वेगळं रसायन लागतं, वेगळे पैसे. मी समजावून सांगितलं. मागे सहा माणसांची रांग. तो शांत झाला आणि जाताजाता म्हणाला, “शुगर नॉर्मल आहे ना पण?”

“शुगर नॉर्मल आहे. चरबी वाढलीय. तेलकट कमी करा, आणि एकदा डॉक्टरांना दाखवा.”

दुसरं अर्धं वाक्य त्यानं ऐकलं नसावं. पहिलं ऐकलं.

टेक्निशियननं रिपोर्टचा अर्थ सांगायचा नसतो, हा नियम मला पाठ आहे आणि तो बरोबरही आहे. ट्रायग्लिसराइड्स दारूनं वाढतात, थायरॉइडनं वाढतात, काही औषधांनी वाढतात. ते मी कुठून ठरवणार? पण अर्थ सांगायचा नसेल तर गप्प बसावं. मी नियम मोडला, आणि तोही चुकीचं सांगायला. फ्रिजमधली नळी सांगत होती की हे डब्यातलं तेल नाही, आणि काउंटरवर माझ्या तोंडून तेलच निघालं. कोलेस्टेरॉल म्हटलं की तेल, हे आपल्याकडे गजर व्हावा तसं आपोआप होतं.

२०२४च्या कॅम्पाला तो नव्हता, गावी गेला होता. गेल्या महिन्यात स्वतःच लॅबमध्ये आला. गळ्याची हाडं दिसत होती. “सहा किलो उतरलो, ताई. सगळे म्हणतात तब्येत भारी केलीस. पण तहान लय लागते, रात्री चार वेळा उठतो.” मामलेदारची मिसळ सोडली, भजी सोडली, बायको फोडणीला चमचाभर तेल घालते. सोमवार-गुरुवार उपास, त्यात बिनतुपाची साबुदाण्याची खीर आणि केळी. रात्रपाळीत जाग राहावी म्हणून कँटीनचा गोड चहा, पाच-सहा कप.

राखाडी झाकणाच्या नळीत साखर २१२. एचबीएवनसी ९.४. रिपोर्टवर डॉक्टरांची सही होईपर्यंत मी जागची हलले नाही.

मग मी वाचत बसले. स्वीडनमधल्या माल्मोत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हजारो लोकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. त्यातल्या ४,०६७ जणांचे १८४ प्रकारचे मेद पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजले आणि २०१५पर्यंत कुणाला मधुमेह झाला ते पडताळलं. हा अभ्यास २०२२ला छापून आला. सरासरी १३.८ टक्क्यांना झाला, मेदांवरून सर्वांत धोक्याच्या ठरलेल्या गटात ३७ टक्क्यांना. आणि मेदांवरून दिसलेला हा धोका जनुकांवरून काढलेल्या धोक्याशी फारसा जुळत नव्हता. “आमच्या घराण्यात कुणाला शुगर नाही,” हे तो मला दोनदा म्हणाला होता.

पण शंभरातले सदतीस म्हणजे त्रेसष्ट जणांना नाही झाला. हा आकडा मला एकदा दिलासा देतो, एकदा चिडवतो. मी २०२३ला सगळं नीट सांगितलं असतं तरी याला मधुमेह झाला नसता, असं कोण म्हणू शकेल? चहातली साखर आणि खीर तरी सुटली असती. तिथले लोक वर्षानुवर्षं जपलेलं रक्त वितळवून वाचतात. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नळी हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे जंतुनाशकात, जाते.

रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मी त्याला बाजूला बसवून फ्रिजची गोष्ट सांगितली. मीच चुकीचं सांगितलं होतं, हेही. तो रागावेल असं वाटलं होतं.

“म्हणजे मिसळ उगाच सोडली का, ताई?”

“मिसळ नाही, सोबतचे पाव सोडायचे होते,” म्हणाले. तो हसला. मला नाही हसता आलं. त्याच दिवशी त्याला फिजिशियनकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या.

काल त्यानं धाकट्या भावाला पाठवलं. एकोणतीस वर्षांचा, मोठ्यासारखाच काडी पैलवान. साखर ९१. ट्रायग्लिसराइड्स ३१८, एचडीएल ३३. नळी फ्रिजमध्ये ठेवली होती, साय धरली नाही. रिपोर्टवर मी हातानं तिसरं गुणोत्तर लिहिलं होतं. सही करणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून प्रिंट पुन्हा काढायला लावली. उद्या साडेसातला तो न्यायला येतोय, आणि पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहीत आहे.