ब्रेकचे काम खरेच गरजेचे आहे का?
आज सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीबद्दल मेकॅनिकचा फोन आला आणि पुढचे ब्रेक पॅड, डिस्क (चाकासोबत फिरणारी, पॅड जिच्यावर दाबले जातात ती चकती), ब्रेक ऑइल, इंजिन फ्लशिंग (रसायन घालून इंजिन आतून साफ करणे) अशी कामे त्याने एका दमात सांगितली. फोनवरच होकार न देता मी स्वतः जाऊन चाक काढलेली गाडी पाहिली; असे पाहण्याचा आग्रह प्रत्येकाने धरावा, असे मला मनापासून वाटते.

नव्या पॅडचे अस्तर साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असते आणि ते 3 मिलिमीटरच्या आसपास आले की पॅड बदलतात. माझ्या गाडीतला आतल्या बाजूचा पॅड, जो बाहेरून सहसा नीट दिसतच नाही, त्याहूनही पातळ झाला होता, त्यामुळे त्या कामाबद्दल शंका उरली नाही. डिस्कवर मात्र नख अडकेल अशी चर नव्हती आणि ब्रेक दाबताना पेडलही थरथरत नव्हते. म्हणून मी तिची जाडी मोजायला सांगितली, तेव्हा ती डिस्कवरच कोरलेल्या किमान मापापेक्षा बरीच जास्त भरली. डिस्क राहू दिली.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापल्यावर पेडल मऊ पडू शकते. ते बदलण्याची मुदत उलटून गेली होती, म्हणून ते काम लगेच करून घेतले. इंजिन फ्लशिंगचा माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये उल्लेखच नाही, त्यामुळे ते नाकारले. डिस्कचे आजचे माप बिलावर लिहून घेतले आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला तेच पुन्हा मोजून घेणार आहे.