तळणीला तेल किती?

रविवार, रात्र

आज तळणीचा बेत होता आणि सकाळी हाताशी निवांत वेळ होता, म्हणून बरेच दिवस मनात असलेलं एक काम उरकून टाकलं. आमच्या कढईत किती तेल नेमकं कुठवर येतं, ते मोजलं. तेलाने नव्हे, पाण्याने. गोल बुडाची कढई ओट्यावर फडक्याच्या चुंबळीवर नीट बसवली, मधोमध पट्टी उभी धरली आणि मापाच्या पेल्याने थोडंथोडं पाणी ओतत गेले.

पहिला सेंटीमीटर जेमतेम ४० मिलिलिटरमध्ये भरला. तीन सेंटीमीटरला सव्वातीनशे लागले, पाचला साडेआठशे. आणि तिथून आणखी एकच सेंटीमीटर वर चढायला तब्बल ३४० मिलिलिटर! कढई वर पसरत जाते हे रोज डोळ्यांसमोर असतं, पण आकडे मांडल्यावर ते खरं कळतं. "अजून जरासं असू दे" म्हणत शेवटी बाटली तिरकी करतो, तेव्हाच सगळ्यात जास्त तेल जातं आणि खोली मात्र नखभर वाढते.

सरळ काठाच्या भांड्याचं गणित सोपं आहे. २० सेंटीमीटर रुंदीच्या पातेल्यात पाच सेंटीमीटर खोलीला सुमारे दीड लिटर तेल लागतं (१० गुणिले १० गुणिले ३.१४ गुणिले ५). कढईत तितकीच रुंदी आणि मधोमध तितकीच खोली मिळायला त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त तेल पुरतं. फक्त कढईतली खोली मधोमधच असते, कडेला सरकलेला पदार्थ बुडाला टेकतो. म्हणून कढईत घाणा लहान घ्यायचा.

माझं म्हणणं एवढंच, की तेलाचा अंदाज पदार्थाच्या वजनावरून बांधू नये. पाव किलो तळायचं असो की दोन किलो, कढईत तेल तेवढंच लागतं. घाणे वाढतात, इतकंच. बघायची ती एका तुकड्याची जाडी. तो तेलात मोकळा तरंगला पाहिजे, बुडाला चिकटता कामा नये आणि झाऱ्याने सहज उलटता आला पाहिजे. जाडीच्या दुप्पट खोली धरली की बहुधा काम भागतं. चपट्या, उलटून तळायच्या गोष्टींना तीन सेंटीमीटरही चालतात. गोळे असतील तर पाच-सहा हवेत. त्याहून कमी तेलात गोळा वरून झाऱ्याने तेल उडवत तळता येतो, पण रंग सारखा येत नाही.

वरची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे, आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. तेल भांड्याच्या निम्म्यावर जाऊ द्यायचं नाही. तापल्यावर ते फुगतं, १८० अंशांपर्यंत साधारण दहा टक्क्यांनी. म्हणजे गार असताना एक लिटर असलेलं तेल तळायच्या वेळी १.१ लिटर झालेलं असतं. त्यात पदार्थ पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होते, फेस उसळतो आणि पातळी भसकन वर येते. मोजणी पाण्याने केली असेल तर कढई आधी खडखडीत कोरडी करायची, कडीच्या सांध्यातलं पाणीसुद्धा पुसायचं. एखादा थेंब राहिला तर तो तेलाखाली बसतो आणि तापला की तेल उडवतो.

आता हात आखडता घेण्याबद्दल. कढईत तेल कमी असलं की पदार्थही कमी तेल पितो, असं खूप जणांना वाटतं. तसं होत नाही. थोड्या तेलात साठलेली उष्णताही थोडी असते. तेवढाच घाणा अर्धा लिटर तेलात टाकला तर तापमान एक लिटरच्या मानाने जवळपास दुप्पट घसरतं. बुडबुडे मंदावतात, पदार्थ तेलात रेंगाळतो आणि खुसखुशीत व्हायच्या ऐवजी मऊ, तेलकट निघतो. शिवाय पुष्कळसं तेल पदार्थ बाहेर काढल्यावर आत जातं. आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल ती ओढून घेते. म्हणून झाऱ्यावर निथळण्याचे ते पहिले काही क्षण मी फार मानते. गरम असतानाच झटकलं तर खरा फरक पडतो, गार झाल्यावर कागदाने टिपण्यात विशेष काही हाती लागत नाही.

मग खरोखर संपतं किती? अर्धा किलो बटाट्याच्या पातळ काचऱ्या घेतल्या तर त्यातलं बहुतेक पाणी उडून जातं आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास कुरकुरीत ऐवज उरतो. त्यात तिसरा हिस्सा तेल, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आगेमागे. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला सुमारे ९२० ग्रॅम भरतं, तेव्हा हे झालं ५५-६० मिलिलिटर. कढईत ओतलेल्या साडेआठशेतले एवढेच खर्ची पडले, बाकीचं फक्त कामाला उभं होतं. आकडा वाचून मला फार बरं वाटलं, कारण भरल्या कढईची धास्ती यानेच जाते. जाड फोडींचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी, म्हणून त्या आणखी कमी पितात.

पण उरलेल्या तेलाचं काय, हा प्रश्न राहतोच. ते तापून हवेला लागलेलं असतं आणि रुंद भांड्यात तेलाला हवा जास्त लागते. म्हणून थोडंसंच तळायचं असेल तेव्हा मी अरुंद, खोलगट भांडं घेते. १२ सेंटीमीटर रुंदीच्या सरळ भांड्यात पाच सेंटीमीटरला साडेपाचशे मिलिलिटर पुरतात. घाणे लहान होतात, वेळ जातो, पण मागे तेल थोडं राहतं आणि ते फोडणीत, भाजीत लवकर संपवता येतं. आजचं गाळून बरणीत भरलंय. रंग अजून स्वच्छ आहे. काळपट झालं, चिकट वाटलं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावलं तर सरळ टाकून द्यायचं.

सकाळचे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत: ३ सेंमी – ३२५, ४ – ५६०, ५ – ८५०, ६ – ११९०. आता दुसऱ्या, लहान कढईचे काढायचे आहेत.