तुम्ही विचारलंत म्हणून: रूथ सोडून मीखल का?

"बाई, तुम्हाला रूथवर बोलायला बोलावलं, तुम्ही पुन्हा मीखलवर गेलात." महिला मंडळात हे इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदा लिहूनच टाकते.

रूथ आणि मीखल, दोघी बायबलमधल्या. रूथवर माझा राग नाही. 'तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव' हे तिने सासूला म्हटलेलं माझ्याही लग्नात वाचलं होतं. पण रूथला निवड करावी लागली ती नवरा गेल्यावर, आणि तिला अडवायला माहेरचं कुणी त्या वाटेवर उभं नव्हतं. मीखलचा बाप शौल राजाही जिवंत, नवरा दावीदही जिवंत, आणि बाप नवऱ्याच्या जिवावर उठलेला. एकनिष्ठ राहा म्हणता, तर कुणाशी?

तिने दावीदाला खिडकीतून उतरवलं. पलंगावर मूर्ती निजवून वर पांघरूण घातलं. शौलाने जाब विचारला तेव्हा म्हणाली, मला जाऊ दे, नाहीतर तुला मारीन, असं तो म्हणाला. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या बायबल वर्गात, आम्ही इथेच थांबतो. शूर बायको. मीही वीस वर्षं एवढंच शिकवलं.

आता माझं. पप्पा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, खजिनदार होते. इमारत फंडाचा हिशोब लागेना, आणि हिशोब मागणाऱ्यांत सगळ्यांत पुढे माझे मिस्टर. वही पप्पांच्या कपाटात कपड्यांखाली आहे, हे मला ठाऊक होतं. एका दुपारी ते झोपलेले असताना मी ती काढली आणि पिशवीत साड्यांच्या मध्ये घातली. दाराशी पोचले तोच ते जागे झाले. "चहा न घेताच निघालीस?" मी म्हटलं, "उशीर झाला तर हे फार बोलतात." हे मला कधीच बोलत नाहीत. चप्पल घालताना माझा हात थरथरत होता. पप्पांनी पिशवी हातात घेतली, रिक्षापर्यंत स्वतः आणून दिली. म्हणाले, "जड आहे गं."

वहीत चाळीस हजारांची तूट निघाली. एका विधवेच्या ऑपरेशनला त्यांनी कमिटीला न विचारता पैसे दिले होते. चूकच ती. आईच्या पाटल्या विकून त्यांनी भरपाई केली आणि पुढे उपासनेला शेवटच्या बाकावर बसू लागले. वही बाहेर कशी गेली, हे त्यांनी मला मरेपर्यंत विचारलं नाही.

मी सत्याची बाजू घेतली, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आजही म्हणेन, पैसा देवाचा होता, हिशोब द्यायलाच हवा होता. पण त्या दुपारी माझ्या मनात सत्य कुठे होतं? हे खूश होतील, एवढंच होतं. मग वाटतं, नवऱ्याने खूश व्हावं असं वाटणं हा काय गुन्हा झाला?

त्या वर्षी सुगीच्या सणाला नवे खजिनदार म्हणून हे पुढे उभे राहून टाळ्या वाजवत गात होते. मागे पप्पा, हातात गीतांचं पुस्तक, तोंड मिटलेलं. ह्यांच्याकडे पाहून माझ्या मनात जे आलं, ते शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सहाव्या अध्यायात लिहिलेलं आहे. देवाच्या कोशापुढे, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीपुढे, नाचणाऱ्या दावीदाला मीखलने खिडकीतून पाहिलं आणि मनातल्या मनात तुच्छ लेखलं.

मधल्या वर्षांत बापाने तिला दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. मग बाप आणि भाऊ गिलबोवाच्या लढाईत पडले. मग दावीदाने, मी हिच्यासाठी १०० पलिष्ट्यांच्या, म्हणजे शत्रूंच्या, जिवांची किंमत मोजलीय, म्हणून तिला परत मागवलं. तो दुसरा नवरा बहूरीम गावापर्यंत रडत मागे आला. तिला कुणी काही विचारल्याचं लिहिलेलं नाही. पहिल्या खिडकीपाशी शास्त्र तिला 'दावीदाची बायको' म्हणतं, दुसऱ्या खिडकीपाशी 'शौलाची कन्या'. मी हे अध्याय कितीदा वाचले होते, पण हे दिसलं ते पप्पा गेल्यावर.

तिला मरेपर्यंत मूल झालं नाही. ती गर्वाची शिक्षा, असं मी स्वतः शिकवलंय. शास्त्र कारण सांगत नाही, आणि मी आता ते माझ्या पदरचं घालत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा रूथवर बोलायला बोलावलंय. येईन. वही कुठून आली, ते ह्यांना मी 'पप्पांनी दिली' असं सांगितलं होतं. हा कागद आज रात्री त्यांना वाचायला देणार आहे.